यंत्राने आईला गोंगाट ठरवलं

आमच्या घरात कुणी फार गोड बोलायला लागलं की समजावं, काहीतरी बिघडलंय. एरवी सगळा व्यवहार टोमण्यांवर चालतो. आई-बाबा गंगापूर रोडला राहतात, मी दोन गल्ल्या पलीकडे. नवऱ्याचा डबा गेला की मी सकाळच्या दुसऱ्या चहाला त्यांच्याकडे जाते. चहा हे निमित्त. मी जाते ती त्या दोघांची जुगलबंदी ऐकायला, आणि माझ्या मते नाशकात त्याहून चांगली करमणूक फुकट मिळत नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून पेपर मोठ्याने वाचतात. आणि राजकारण सोडून आधी तंत्रज्ञानाचं पान. देशाचं काय व्हायचं ते होईल, पण अमक्या कंपनीने नवीन काय थाप मारली ते त्यांना रोज कळायला हवं.

"फोनबरोबर आता चार्जर देत नाहीत म्हणे. पर्यावरणासाठी," बाबा गॅलरीतून वाचत. "उद्या चपला घ्यायला गेलो तर एकच देतील. दुसरी पर्यावरणासाठी ठेवून घेतली म्हणतील."

आई ओट्याशी, पाठमोरी, आपल्या खालच्या पट्टीत, "तुम्हाला काय फरक पडणारे? देवळाबाहेर एक घालवून आलाच होतात."

"ती चोरीला गेली होती."

"एकच?"

असं ते चालायचं. पंख्याचा रिमोट, दहा मिनिटांत घरपोच कोथिंबीर ("निवडायला अर्धा तास लागतो, त्याचं काय करणार आहेत?"), कपडे धुऊन झाल्याचा फोनवर निरोप देणारं वॉशिंग मशीन ("वाळत घालायला येतंय का विचार"), कशातूनही दोघं एकमेकांपर्यंत पोचायचे. मला लहानपणापासून वाटत आलंय की या दोघांनी एकमेकांना सरळ शब्दांत कधी काही सांगितलेलंच नाही, आणि सांगायचं काही राहिलेलंही नाही.

मग बाबांना कमी ऐकू यायला लागलं.

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग लक्षात आलं की सकाळचा चहा फार लवकर संपतोय. आई काहीतरी बोलायची, बाबा "अं?" करायचे, आई म्हणायची, "काही नाही." कारण टोमणा ओरडून मारता येत नाही. तो हळूच, दुसऱ्याच कामात असल्यासारखा मारायचा असतो. ओरडून मारला की त्याचं भांडण होतं, आणि ओट्यापासून गॅलरीपर्यंत ओरडून "एकच?" म्हणण्यात काय मजा आहे? ते "काही नाही" दिवसेंदिवस वाढत गेलं. मला ते ऐकवेना. भांडणाऱ्या आईबापांची सवय असते मुलांना, पण समंजसपणे गप्प बसलेल्या आईबापांची भीती वाटते.

म्हणून मी श्रवणयंत्र आणलं. साधं नाही, अतिहुशार. कृत्रिम बुद्धिमत्तेचं. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता नसलेला टूथब्रशसुद्धा मिळत नाही, तेव्हा कानाला तरी कशाला वंचित ठेवा? खोका आला तो पाच लिटरचा कुकर मावेल एवढा. आत फोम, फोमच्या आत डबी, डबीत मखमल आणि मखमलीवर पावट्याच्या दाण्याएवढं यंत्र. ते चालवायला फोनमध्ये ॲप घ्यायचं. ॲपला आमचा पत्ता हवा, फोटो हवेत, सगळ्या नातेवाइकांचे नंबर हवेत.

"कान माझा," बाबा म्हणाले, "आणि चौकशी सगळ्या खानदानाची. स्थळ सांगून आलंय का हे?"

मी 'नियम व अटी वाचल्या आहेत' यावर बोट ठेवलं. या देशात शिकलेली माणसं रोज सर्रास बोलतात असं एखादं खोटं असेल, तर ते हेच.

यंत्र कानात गेलं आणि बाबांचा चेहरा उजळला. त्यांना कोकिळा ऐकू आली. खालच्या भाजीवाल्याची हाळी ऐकू आली. टीव्हीवरचे निवेदक तर इतके ऐकू आले की बाबांनी टीव्ही बंद केला. मी काय म्हणते तेही ऐकू येत होतं. फक्त आई ऐकू येत नव्हती.

मी माहितीपुस्तिका काढून वाचली. त्यात लिहिलं होतं की हे यंत्र महत्त्वाचा आवाज स्वतः ओळखतं आणि पार्श्वभूमीचा अनावश्यक गोंगाट काढून टाकतं. आता आमची आई बोलणार कुठे? ओट्यापाशी. नळ चालू, मिक्सर चालू, चिमणीचा पंखा चालू, तोंड भिंतीकडे आणि आवाज खालच्या पट्टीत. यंत्राने हे सगळं एका गाठोड्यात बांधलं आणि बाहेर ठेवून दिलं. माझ्या आईला त्याने गोंगाट ठरवलं होतं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा यंत्राला हात लावून म्हणाले, "खरंच हुशार आहे हं."

आई त्या दिवशी मनापासून हसली. पुढच्या आठवड्यात मात्र हसली नाही. भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "जन्म गेला गं या माणसाशी बोलण्यात. आणि एक पावट्याएवढी वस्तू ठरवते, की मी कामाची नाही म्हणून." विनोदाच्या सुरातच म्हणाली, पण मला ते लागलं.

मग मी कंपनीच्या मागे लागले. माझा स्वभाव तापट आहे, आणि ग्राहक सेवा नावाचा प्रकार माझ्यासारख्यांसाठीच काढलेला असावा. फोन लावला की संगीत. संगीत थांबलं की एक बाई सांगणार, आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर घे ना मग! शेवटी त्यांच्या संगणकी मदतनिसाशी लेखी गप्पा झाल्या. मी लिहिलं, यंत्राला माझ्या आईचा आवाज ऐकू येत नाही. तो म्हणाला, हे ऐकून वाईट वाटलं, कृपया आईंना समोर येऊन स्पष्ट बोलण्याची विनंती करावी. मी लिहिलं, टोमणा समोर येऊन मारत नसतात. तो म्हणाला, आपलं समाधान झाल्याचा आनंद आहे, पाचपैकी किती तारे द्याल?

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतर यंत्र तपासणीसाठी परत मागवण्यात आलं.

ते न्यायला माणूस आला त्या दिवशी कुंभमेळ्याच्या तयारीसाठी आमचा निम्मा परिसर खणून ठेवलेला होता. तो बिचारा कधी या खड्ड्यापलीकडे, कधी त्या. मी गॅलरीतून फोनवर त्याला वाट दाखवत होते आणि आतमध्ये आई यंत्र खोक्यात भरत होती. तो आला, खोका घेऊन गेला. मी आत आले तर जेवणाच्या टेबलावर फोमचा ढीग.

"आई, हा फोम इथे कसा?"

"काढला. चिवड्याला जागा नको?"

आमच्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत जात नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून देतील, पण रिकामी नाही. आईने हा नियम आयुष्यभर पाळलाय, आणि कंपनीसाठी तो मोडायचं तिला काही कारण दिसलं नव्हतं. आदल्या दिवशी केलेला चिवडा होता, आमचा नेहमीचा, तळलेला कांदा घातलेला. तो तिने पिशवीत बांधून, वर यंत्राची डबी ठेवून, खोका व्यवस्थित चिकटवून दिला होता.

"केवढा खोका, आणि आत चिमूटभर वस्तू," ती म्हणाली. "बरं दिसतं का?"

"आई, ती कंपनी आहे!"

"मग? कंपनीत माणसं नसतात?"

माझ्याकडे या प्रश्नाची बरीच उत्तरं होती, सगळी गेल्या काही आठवड्यांत कमावलेली. मी डोक्याला हात लावून बसले.

व्हायचं तेच झालं. काही दिवसांनी निरोप आला की पार्सलचं वजन जुळत नाही, आत अनधिकृत खाद्यपदार्थ आढळला, सबब तक्रार बंद करण्यात येत असून हमीही रद्द झाली आहे. यंत्र परत मिळणार की नाही याबद्दल अवाक्षर नाही. मी पेपरच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहून बाबांना दाखवलं, 'चिवडा पकडला गेला.'

बाबा खो खो हसले. "कंपनीला पहिल्यांदाच कुणीतरी काही फुकट दिलं. गांगरली असेल."

पण यंत्राशिवाय त्यांना आता कोकिळाही ऐकू येत नव्हती, भाजीवालाही नाही. ते पेपर मनातल्या मनात वाचायला लागले. संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवरच्या मित्रांत जाणंही त्यांनी सोडलं, कारण सारखं "अं?" करायची लाज वाटत होती. आणि आईने मला एकदा दारात गाठून, चक्क सरळ भाषेत विचारलं, "माझ्या चिवड्यामुळे गेलं का गं त्यांचं यंत्र?" तिने सरळ भाषा वापरली, त्यावरून मला कळलं की ती रात्रभर झोपलेली नाही. मला त्या कंपनीचा इतका राग आला की मिळाली असती तर कानाखाली वाजवली असती.

आणि मग एका दुपारी, मी आईकडेच असताना, फोन आला. मी समजले, समाधानाचे तारे मागायला असेल. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "त्या चिवड्यावाल्या मावशी आहेत का?"

मी फोन आईला दिला आणि स्पीकर लावला. मुलगी त्या कंपनीच्या दुरुस्ती विभागात होती, दक्षिणेत कुठल्याशा मोठ्या शहरात. पण आईचा आवाज ऐकताच ती शहराची भाषा विसरली.

"मावशी, मी तुमच्याच जिल्ह्यातली, सटाण्याकडची शे. खोका उघडला आन् कांद्याचा वास आला, मला रडूच आलं बघा. नियम फेकायचा शे. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला."

"तिखट नाही ना झाला?" आईचा पहिला प्रश्न.

"इकडच्यांना झाला. मला नाय."

मग तिने सांगितलं की वजन जुळलं नाही म्हणून तक्रार संगणकाने आपली आपणच बंद केली होती, ती तिने पुन्हा उघडली आहे. "आता सांगा, यंत्राला व्हतंय काय?"

मी पुढे सरसावले, ऐकण्याच्या पट्ट्या, ॲप, गोंगाट असं सगळं सांगायला. पण आईच बोलली.

"त्यांना मी ऐकू येत नाही गं," ती म्हणाली.

एवढंच. मला, पोटच्या पोरीला, तिने हे इतक्या दिवसांत असं सांगितलं नव्हतं. मग ती मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही घरात जशा बोलता ना, तिथेच उभं राहून, तसंच रेकॉर्ड करून धाडा."

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळीला गेल्यावर मी ओट्यामागे फोन धरून उभी राहिले. आईने नळ सोडला, चिमणी लावली, पाठ फिरवली. "काय बोलू?" "रोजचंच," मी म्हटलं. ती अवघडली. मग हळूहळू सुरू झाली.

"मफलर घ्या म्हटलं की ऐकू येत नाही. भजी तळली की ट्रॅकवरून ऐकू येतं... पेपर वाचून झाला असेल तर घडी घाला, त्याला पाय फुटत नाहीत... महिना झाला, भिंतीशी बोलतेय मी. भिंत बरी. निदान 'अं' तरी करत नाही."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. हसू येत होतं, पण पुन्हा ऐकून न बघताच ते त्या मुलीला पाठवून दिलं.

खोका परत आला तेव्हा जड होता. आत फोम नव्हता. केळ्याच्या वेफर्सची भलीमोठी पिशवी होती आणि तिच्यावर ती डबी. त्या मुलीचा फोनही आला. "मावशी, काय महत्त्वाचं ते हे यंत्र आता ठरवणार नाय. त्याची हुशारीच बंद केलीय मी. आता ते सगळंच ऐकंल." इतकी मोठी कंपनी, इतकी बुद्धिमत्ता, आणि उपाय काय, तर ती बंद करणे! मी मनातल्या मनात तिला पाचपैकी सगळे तारे दिले. आईने वेफर्सची पिशवी फोडली आणि मला बजावलं, "पुढच्या वेळी खोका जाईल तेव्हा लाडू करायचे आहेत." पुढची वेळ येऊ नये असं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा लवकरच गेले. बाबा यंत्र लावून गॅलरीत बसले होते. आत नळ चालू, मिक्सर नुकताच थांबलेला. आई मात्र गप्प. आज तिची जीभच उचलत नव्हती, परीक्षेला बसवल्यासारखी. बाबांनी घसा साफ केला आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने वाचलं, "आता म्हणे फ्रीजच सांगणार, आतलं काय संपलं ते."

मग ओट्याकडून, पाठमोरं, खालच्या पट्टीत, "आपल्याकडे ते काम तुम्ही करता. सांगायचंही आणि संपवायचंही."

बाबांनी पेपर खाली केला.

"कालचा शिरा मी नाही संपवला. तुझ्या लेकीने संपवला."

आईने नळ बंद केला. ती वळली नाही. बाबा उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"एवढे दिवस काय काय बोललीस मला?"

"काही नाही."

"काही नाही नको. राहिलेले सगळे टोमणे सांग."

आईने ओल्या हातांनीच डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

"बसा मग," ती हळूच म्हणाली. "उभ्याने ऐकून संपायचे नाहीत."