गालातला जेट

शर्यतीच्या दिवशी पास्कलचा डावा गाल फुगलेला असायचा. लोकांना वाटायचं तंबाखू. तो असायचा त्याच्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे चण्याएवढा पितळी तुकडा, ज्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. गाडी मैदानात उभी केली रे केली की तो जेट काढून तोंडात टाकायचा. "खिसा कोणपण मारेल. तोंडात हात घालून दाखव म्हणावं," असं त्याचं म्हणणं.

भांडुपच्या गावठाणात आमची घरं समोरासमोर. त्याचे आजोबा तिथलेच, भातशेती करणारे. माझे वडील गिरणीसाठी मालवणहून आलेले. आम्ही दोघे एकाच कारखान्यात फिटर. ऐंशीच्या दशकात धुळीतल्या शर्यती व्हायच्या, तिथे मोटारसायकल कंपनीच्या टीमला गाडी, मेकॅनिक, सुटे भाग सगळं कंपनीचं. पास्कलचं सगळं स्वतःच्या पगारातलं, आणि मेकॅनिक म्हणून फुकटचा मी. हरला की कारण तयार असे: पेट्रोलमध्ये कुणीतरी पाणी घातलं, नाहीतर झेंडा कंपनीवाल्यांच्या सोयीने पडला. मीही मान डोलवायचो. एखाद्या वेळी खरंही असेल, कुणी सांगावं?

शेवटी त्याची बायको रोझी म्हणाली, या मोसमात एक तरी शर्यत जिंक, नाहीतर गाडी विक. शेवटची शर्यत मुलुंडला आली तेव्हा त्याने एकही जिंकलेली नव्हती.

सुरुवातीला थोडाच वेळ होता. कंपनीचा मेकॅनिक शिंदे चालत आला आणि चेन सैल दिसते म्हणत आमच्या गाडीशी वाकला. पास्कल ओरडला, "हात नको लावू!" आणि त्याचा फुगलेला गाल सपाट झाला. त्याचे डोळे बघूनच मी समजलो. जेट पोटात गेला होता, आणि जादाचे जेट कुणी बदलू नयेत म्हणून घरी कुलपात होते.

शिंदे हसला नाही. पेटीतून त्याच मापाचा जेट काढून त्याने पुढे केला. पास्कलने तो उन्हात धरला, भोकातून पाहिलं, हुंगलासुद्धा. हळूच मला म्हणाला, यात काहीतरी गेम आहे. मी म्हटलं, मग घरी चल. त्याने निमूटपणे जेट बसवला.

गाडी एकदाही अडखळली नाही. पास्कल चौथा आला. मी धावत जाऊन म्हटलं, जेटमध्येच लोचा असणार. त्याने जेट काढला, पुन्हा उन्हात धरला, शर्टाला पुसला.

"जेट झकास होता रे," तो म्हणाला. "मीच स्लो आहे."

जेट त्याने स्वतः शिंदेला नेऊन दिला. लवकरच गाडी विकली. गिळलेला जेट यथावकाश परत मिळाला असणार, पण तो नव्या मालकाला दिला की काय, हे मी विचारलं नाही. त्यानंतर पास्कलने कुणावर संशय घेतला नाही. दाराला कुलूप लावायलाही विसरायचा. रोझी खूश होती. मला मात्र तो जुना, वाकडा पास्कल हवा होता.

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शिंदे भला माणूस असेल, मी नाही म्हणत नाही. पण नेमका त्याच मापाचा जेट त्याच्या पेटीत वरच कसा होता? पास्कल स्लो होता, हे मला अजून पटत नाही.