आतोबांचा गुण्या

साऱ्या जबलपुरात सरळ माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, अशी माझ्या आतोबांची पक्की समजूत होती. लष्करी सामानाच्या फॅक्टरीतल्या ट्रेनिंग शाळेत ते पोरांना कानस चालवायला शिकवत. लढाई सुरू झाली, ओव्हरटाइम लागला, तेव्हा देशाची सरहद्द आपणच तयार केलेल्या फिटरांच्या खांद्यावर उभी आहे, असं ते चेरीतालच्या पानठेल्यावर रोज सांगू लागले. घरातही तोच कारभार. आत्याची रांगोळी असो की ताटातली पोळी, सगळ्यांनी मापाला उतरलं पाहिजे. पोळी उजेडात धरून "एका बाजूनं जाड आहे," म्हणाले की आत्या म्हणे, "मोजून काहून राहिले? खा ना." वेल्डरांवर तर त्यांचा खास राग. "ज्याला माप जमत नाही तो डिंक लावत बसतो," असं ते चारचौघांत म्हणत.

आणि नेमकी त्यांच्या लेकीला, कुसुमला, सिहोऱ्याच्या एका वेल्डरानं मागणी घातली. कुसुमचंही मन तिथंच होतं, तिनं तसं आईला सांगूनही टाकलं. आतोबा नाही म्हणाले नाहीत. तो सरळ माणसाचा रस्ता झाला असता. त्यांनी परीक्षा ठेवली. लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून चौरस करायचा, आणि कोपऱ्याला काटकोनाचा गुण्या लावला की मधून उजेड दिसता कामा नये. बिचारा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून येई आणि ओसरीवर घासत बसे. कुसुम चहा ठेवून जाई. आतोबा गुण्या लावून म्हणत, "दिसून राहिला उजेड. चलो, फिर से." ठोकळ्याची सुपारी व्हायची वेळ आली. शेवटी तो हळूच म्हणाला, "काकाजी, बुरा मत मानिए, एकदा तुमचा गुण्याच तपासून घ्या ना." झालं. आतोबांनी त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं.

तो गेल्यावर कुसुमनं आतोबांच्या समोरच तोच गुण्या फरशीवर ठेवला, पेन्सिलीनं रेघ ओढली, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढली. गुण्या खरा असता तर रेघेवर रेघ पडली असती. दोन्ही फाकल्या. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी हे शिकवणाऱ्या आतोबांना स्वतःचा गुण्या तपासायची कधी गरजच वाटली नव्हती.

आता तरी माणसानं उठून जावं की नाही? पण अहंकार गिळायला त्यांना अख्खा पावसाळा लागला. मग एकदाचे सिहोऱ्याच्या बसमध्ये बसले. तिथं त्या मुलाच्या दारात मांडव उभा होता, नवरी दुसरी ठरली होती. परत आले ते चपला न काढताच कुसुमला म्हणाले, "माझं चुकलं, बाई. उशीर करून टाकला मी."

कुसुम म्हणाली, "हात धुऊन घ्या बाबा, पान वाढलंय."

तिनं पुढं लग्न केलं नाही. मला आतोबांचा राग आला होता, अजूनही येतो. पण त्या दिवशी मी शेजारच्या पाटावर होतो. पानाला हात न लावता ते नुसते पाणी पीत राहिले, आणि कुसुमच त्यांना "थोडं तरी खा," म्हणून विनवत होती. ते आठवलं की माझा राग अर्ध्यावरच थांबतो.