डोहासाठी वर केलेले हात

माझं माहेर बुऱ्हाणपुरात, लालबागेत. लग्न होऊन निंबोल्याला आले तेव्हा शेतीतलं मला काही कळत नव्हतं. सासरी केळीची बाग, थोडा कापूस, शेतात एक बोअर आणि नाल्यातल्या डोहावर एक मोटार. डोह गावाच्या वरच्या अंगाला आहे. बाकी नाला उन्हाळ्यात कोरडा पडतो, पण डोहात पाणी राहतं. गावाची प्यायच्या पाण्याची विहीर त्याच्याच काठाला आहे. डोह उतरला की विहीर उतरते, हे गावात पोरासोरांनाही माहीत आहे.

त्या वर्षी होळीच्या सुमारासच डोहाचं पाणी काठापासून बरंच खाली गेलं. काठाकाठाने पाइप सोडलेले आणि थ्री-फेज लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम चालू व्हायच्या. सरपंचबाईंनी ग्रामसभा बोलावली. पाऊस पडेपर्यंत डोहातून कोणी शेतीला पाणी घ्यायचं नाही, एवढा एकच विषय होता.

सभा शाळेच्या आवारात भरली. आम्ही बायका भिंतीच्या सावलीला बसलो होतो. सरपंचबाईंनी विचारलं, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." बघता बघता सगळे हात वर झाले. माझा झाला, सासूबाईंचा झाला. समोर पुरुषांत ह्यांचाही हात वर दिसला आणि मला बरं वाटलं, कारण डोहावर आमचीही मोटार होती.

एकच माणूस उभा राहिला. ते माझे चुलत जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या शेजारच्याच शेतातले. "माझा हात नाही," ते म्हणाले. "माझी बाग आता निसवायला लागली, केळफुलं बाहेर पडतायत. मला बोअर नाही, काही नाही. डोह बंद केला तर माझी केळी जाते. म्हणून माझा विरोध लिहा."

आवारात कुजबुज सुरू झाली. कोणी तरी मागून बोललं, "गावानं प्यावं काय मग? तुमच्या केळीचे घड?" जेठ खाली बसले. ठराव मंजूर झाला. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत असं बोलायला जीभ कशी रेटते एकेकाची!" मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेठांनी आपली मोटार डोहातून काढली आणि पाइपासकट ट्रॉलीत घालून गावातून घरी नेली. लोकांना वाटलं, रागाने नेली. बाकीच्या मोटारी तिथेच होत्या. दुपारी लाइट आली आणि त्या चालू झाल्या. आमचीही.

मी ह्यांना विचारलं, "आपली कधी काढणार?"

"काढतो ना. आठ-दहा दिवसांत. घड भरत आलेत."

"पण सभेत तर हात वर केला होता तुम्ही."

"केला ना! मी काय मना केलं का? मना त्यानं केलं." हे अगदी मनापासून बोलत होते. माझे यजमान खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. डोह वाचला पाहिजे असं त्यांना खरंच वाटत होतं आणि सभेत आपण डोहाच्या बाजूने उभे राहिलो हेही खरंच होतं. आपल्या वाटणीचं काम तिथे होऊन गेलं, अशी त्यांची समजूत झाली होती.

ही समजूत त्यांच्या एकट्याची नव्हती. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जेठांना टोमणे मारणाऱ्यांत बहुतेकांच्या मोटारी चालू होत्या. माझंही तसंच झालं असणार. सभेनंतरच्या त्या आठवड्यात मी अंगण रोजच्यासारखं बादलीने न धुता विहिरीच्या नळाला पाइप लावून धुतलं. हातात पाइप घेऊन उभी असताना माझं मन मजेत होतं, हे मला चांगलं आठवतं. सभेला गेले नसते तर कदाचित पाइपाला हात लावताना विचार केला असता.

पंधरवड्याने जेठांच्या बागेकडून जाणं झालं. त्यांनी अर्धी बाग तोडून टाकली होती. उरलेल्या अर्ध्या बागेला ते भावकीतल्या एकाच्या विहिरीवरून पाळीने मिळेल तेवढं पाणी देत होते. कापलेली खोडं बांधावर पडली होती आणि जेठाणी त्यांचे तुकडे करून म्हशीपुढे टाकत होत्या. आमच्याकडे जेठांशी तोंडावर बोलायची पद्धत नाही. मी जेठाणींकडे बघूनच विचारलं, "दादांचा विरोध होता, तर मग मोटार का काढली?"

उत्तर जेठांनीच दिलं. "विरोध सभेत होता. सभेनं ठरवलं, विषय संपला."

"मग नाही म्हणायचंच कशाला? सगळ्यांसारखा हात वर केला असता."

ते हसले. "हात वर केला असता तर मोटारही चालू ठेवता आली असती. हो म्हणणाऱ्याला कोण विचारतं? मला माहीत होतं माझं काय जाणार आहे. म्हणून नाही म्हटलं."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. "त्याची बाग गेली याचं मला वाईट नाही वाटत का?" एवढंच म्हणाले आणि पान अर्धं ठेवून उठले. मोटार मात्र काढली नाही.

वैशाख लागला तसं विहिरीचं पाणी गढूळ यायला लागलं. पुन्हा सभा झाली. कोणी तरी म्हणालं, पहिला ठराव कडक करा, हात वर करा. तेव्हा मी उठले. म्हटलं, "हात नकोत. ज्याची मोटार आहे त्याने एकेकाने सांगावं, कोणत्या दिवशी काढणार."

सासूबाईंनी माझा पदर ओढला. सरपंचबाईंनी मात्र माझं म्हणणं लगेच उचलून धरलं आणि पहिल्या रांगेपासून विचारत गेल्या.

या वेळी उत्तरं वेगळी आली. एक म्हणाला, उद्या. दुसरा म्हणाला, मी काढणार नाही, माझं पोट त्याच्यावर आहे. तिसऱ्याने घड उतरले की काढतो म्हटलं आणि त्याला दिवस विचारला तर तो खाली बघत बसला. ह्यांची पाळी आली. हे म्हणाले, "परवा." माझ्याकडे बघितलं नाही. मागच्या सभेत सगळं गाव हो म्हणालं होतं, या सभेत निम्मे लोकही हो म्हणाले नाहीत. पण ज्यांनी दिवस सांगितला त्यांतल्या बहुतेकांच्या मोटारी त्या दिवशी निघाल्या. ह्यांनी आपली काढली तेव्हा मी चहा घेऊन डोहावर गेले. चिखलात उतरून पाइप ओढताना ते मला म्हणाले, "घरातल्या माणसाला गावासमोर उभं करतेस!"

"तुम्हाला एकट्याला थोडंच विचारलं?"

"मला माहीत आहे कोणाला विचारलं ते." तरी चहा प्यायले. दोन दिवस अबोला होता. मग बोअरचं पाणी बागेला पुरत नाही म्हणून पाळी कशी लावायची, हे बोलता बोलता तो सुटला.

डोह त्या वर्षी पूर्ण वाचला असं म्हणता येणार नाही. तळाशी पाणी राहिलं, गुरांना पुरलं, आणि विहिरीचं पाणी दिवसाआड मिळत मिळत गावाने पावसापर्यंत दिवस काढले. ज्यांनी मोटारी काढल्या नाहीत त्यांच्याशी कोणी भांडलं नाही. त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, त्यामुळे भांडायलाही फार जागा नव्हती. आमचे घड थोडे बारीक भरले आणि भाव उतरून मिळाला. जेठांनी तोडलेल्या जागेत पावसाळ्यात कापूस लावला. मी सभेत उठले ते बरोबर झालं की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. सासूबाई म्हणतात, गावचं काम होतं, ठीक झालं. हे म्हणतात, आधी घरात सांगायला हवं होतंस. मला वाटतं, घरात सांगितलं असतं तर ह्यांनी लगेच हो म्हटलं असतं.