समोरच्याची माती

पंख्याखाली वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या मातीचा कोरडा वास आला, की मुलुंडच्या माझ्या नर्सरीत आलेली ती संशोधक मुलगी आठवते. तिला कुंड्यांत भरायच्या मातीचे असे वाळवलेले नमुने हवे होते. मातीवर प्रकाश टाकून त्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळ्यातून येणारा कस, सांगणारं यंत्र तिच्याकडे होतं. माझं डोकं आधीच तापलेलं, कारण पूर्वी एक सर अशीच पिशव्या भरून माती घेऊन गेले आणि निकाल विचारला तर म्हणाले, "ती माहिती प्रकल्पाची आहे." म्हणून हिला बजावलं, "आकडे मला मिळणार असतील तरच माती." ती म्हणाली, "काका, तुम्हालाच काय, सगळ्यांना देणार. नेटवर कुणीही उघडून बघेल." "समोरचा नर्सरीवालाही?" "तेही." मी भडकलो, "माती माझी आणि शहाणा तो होणार?" ती शांतपणे म्हणाली, "मग त्यांचीही माती मिळवून द्या, तुम्हालाही त्यांची दिसेल." सौदा बरोबरीचा होता. कित्येक वर्षं बोलणं बंद असलेल्या त्या माणसाकडे मी रस्ता ओलांडून गेलो. "तुझी बघायला मिळणार असेल तर ने," तो म्हणाला, "पण हरलास तर रडू नकोस." आकडे नेटवर आले आणि मी हरलोच; कर्ब त्याच्या मातीत जास्त निघाला. तडक जाऊन विचारलं, "शेणखत कुठून आणतोस रे?" "आता लपवून काय करू, सगळं जगाला दिसतंय," म्हणत त्याने आरे कॉलनीतला गोठा सांगितला. आज आम्ही दोघं मिळून एकच टेम्पो भरून आणतो, आणि गोठेवाल्याशी भाव मात्र मीच करतो.