खालच्या स्टेशनातला लाल बावटा

लालबागला आमच्या चाळीत जिन्याखाली बाई दिसते म्हणून पोरं रात्री घाबरायची, तेव्हा मी मुद्दाम तिथे जाऊन बसायचो. मोठेपणीही कोणी असले किस्से सांगायला लागलं की मी मोबाईल काढून त्यात बघत बसायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

शिवडीला गोदामांच्या मागे बंदराच्या मालगाड्यांचं एक बारकं स्टेशन होतं. एक बुटका फलाट, एक कौलारू खोली, बस्स. तिथून पॅसेंजर कधी चढला नाही. कापूस, धान्य, कोळसा यायचा, डबे जोडायचे नाहीतर तोडायचे, गाडी पुढे जायची. ट्रक वाढले तशा गाड्या कमी होत गेल्या आणि एक दिवस बंदच झाल्या. आमच्या घरात त्याला ‘खालचं स्टेशन’ म्हणायचे, कारण बाबांनी सगळी नोकरी तिथेच केली. डबे जोडण्याची.

त्या कामाचा एक नियम होता. दोन डब्यांच्या मध्ये शिरण्याआधी माणसाने डब्याच्या दांडीला आपला लाल बावटा बांधायचा. तो दिसला की इंजिन हलवायचं नाही. आणि ज्याने बांधला त्यानेच बाहेर येऊन सोडायचा, दुसऱ्या कोणी हातसुद्धा लावायचा नाही. बाबांचा जोडीदार भिकू आत असताना कोणीतरी ‘विसरला असेल’ म्हणून त्याचा बावटा सोडला. भिकू तिथेच गेला... बाबांच्या डोळ्यांसमोर.

गेल्या वर्षी कळलं की स्टेशन पाडतायत. बाबा ऐंशीच्या पुढचे, पण हट्टाला पेटले — एकदा बघायचंच. रविवारी सकाळी टॅक्सीने नेलं. गवत कमरेएवढं, कौलं पडलेली. रुळांवर दोन गंजके डबे, मध्ये माणूस शिरेल एवढी फट. कंत्राटदाराचा सुपरवायझर पवार, माणूस चांगला, बाबांना खुर्ची दिली. चाकं गंजून धरली होती म्हणून जेसीबीने पुढच्या डब्याला धक्का देऊन ती सुटी करणार होते.

पुढच्या डब्याच्या दांडीला लाल कापड बांधलेलं होतं. नवं कोरं.

बाबा ताडकन उठले. “आत माणूस आसा! गाडी हलवू नको!”

मी जाऊन फटीत डोकावलो. कोणी नव्हतं. पवारने आपली माणसं मोजली, सगळी समोर उभी. “आमच्यापैकी कोणी नाय बांधलं, काका,” तो म्हणाला. “पोरांनी केली असेल मस्ती.” त्याने गाठ सोडली, कापड खिशात कोंबलं आणि ड्रायव्हरला हात केला. मला खरं सांगायचं तर बाबांची लाज वाटत होती. मी पवारशी हसून काहीतरी बोलत होतो.

जेसीबी पुढे आला आणि गचकन थांबला. ड्रायव्हर ओरडला, “साब, लाल कपडा लगा है!”

दांडीला तेच कापड. तीच गाठ. पवारने खिशात हात घातला... खिसा रिकामा. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मग मी मागे पाहिलं, तर खुर्चीही रिकामी.

बाबा दोन डब्यांच्या मध्ये होते. वाकून, एक हात डबे जोडायच्या कडीवर ठेवून, कोणाशी तरी हळू आवाजात बोलत. धक्का बसला असता तर... मी त्यांना ओढून बाहेर काढलं, तर माझ्यावरच खेकसले. “भिकून हाक मारल्यान माका! तो आतच आसा. तेना बांधलो हा, तेनाच सोडूचो. तवसर डबो हलवू नको.”

पवारने काम बंद केलं. आम्ही घरी आलो.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. डबे हलवलेच नाहीत, जागेवरच गॅस कटरने कापले. कापडाला हात लावायला कोणी तयार होईना. ठिणग्या पडून ते जळून गेलं.

भिकूने बाबांना आत का बोलावलं, आणि बोलावलं तर मग वाचवलं का? की बोलावणारा एक आणि बावटा बांधणारा दुसराच? खूप डोकं चालवलं, काही हाती लागलं नाही. आता मी मोबाईल काढत नाही.

बाबा मात्र तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीत उभे राहून एकच विचारतात, “भिकू भायर इलो काय रे?” मी ‘हो, आला बाहेर’ म्हणतो. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं एवढंच. महिनोन्महिने त्यावर ते मान डोलवायचे.

परवा मान डोलवली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, “मगे तेचो बावटो खंय?”