तिसरी पिन
शिवणाच्या डब्यात बटण शोधताना ती पितळेची जाड पिन हाताला लागली आणि डोकं पुन्हा तापलं. भंडाऱ्याच्या घरी थोरल्या दिरांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. भिंतीतलं सॉकेट दोनच भोकांचं, म्हणून त्यांनी प्लगची अर्थिंगची पिन कापली. धाकट्या सुनेनं त्यांच्याशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून "शॉक लागेल" हे मी सासूबाईंकरवी सांगितलं. दीर म्हणाले, "माय, तिले सांग, सैपाकात ध्यान दे." दुसऱ्या दिवशी गाणं चालू असताना सासूबाई ओल्या फडक्यानं अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा पुसायला गेल्या आणि किंचाळून मागे पडल्या. "ओल्या फडक्यानं काहून पुसलं?" दीर त्यांच्यावरच ओरडले. "चुकलं बापा," त्या म्हणाल्या. मग मी ती कापलेली पिन उचलून दिरांसमोर धरली आणि पहिल्यांदाच थेट बोलले, "हे तुमी कापली." अजूनही ते मला उर्मट म्हणतात. म्हणोत.