उत्तरेच्या दाराची घंटा

व्हर्ना ट्वेटनबाईंनी आमचा वृद्धाश्रम एकतीस वर्षं चालवला. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात पाद्री बदलले, शाळा बंद पडली, पण आश्रमाच्या दर्शनी भिंतीवर काचेत लावलेला राज्याचा परवाना व्हर्नांच्याच नावाचा. नळाखाली मनगट धरून पाणी किती तापलंय ते त्या अचूक सांगायच्या. शिस्त अशी, की माशीनेही विचारूनच आत यावं. त्यांच्याच हाताखाली मी हे काम शिकले, आणि बोलणीही पोटभर खाल्ली.

आता भिंतीवर माझं नाव आहे आणि व्हर्ना सहा नंबरच्या खोलीत राहतात. डोक्यातलं बरंचसं पुसलं गेलंय. तरी रोज सकाळी फाइल काखेत मारून त्या फेरी मारतात, आणि मी मारू देते. राज्याचा तपासनीस न सांगता येतो, एवढं मात्र त्या विसरलेल्या नाहीत.

या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला आणि उत्तरेच्या दाराची घंटा आपोआप वाजायला लागली. विसरभोळं कोणी बाहेर पडू नये म्हणून दार उघडलं की वाजणारी ती घंटा. पण रोज दुपारी चारला ती वाजायची तेव्हा दार बंद असायचं, आणि बाहेरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नसायचं. कारागीर दोनदा येऊन गेला. "तारेत काही खोट नाही, बाई," म्हणाला. दर वेळी व्हर्ना पलंगावरचं पांघरूण घेऊन त्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या.

चार ही गोठ्यात धार काढायची वेळ. एकोणनव्वदच्या जानेवारीत आश्रमात राहणारे आर्विड लुंडे नावाचे म्हातारबा गाईंची धार काढायची म्हणून त्याच दारातून बाहेर पडले, आणि कुंपणापाशी गोठलेले सापडले. घंटा चालू होती, असं व्हर्नांनी परवाना मंडळाला सांगितलं. ठपका आला तो पाळीवरच्या मुलीवर, की तिने ऐकली नाही. ती गाव सोडून गेली.

एका सोमवारी मला ते असह्य झालं. किल्ली फिरवून मी घंटा बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही.

गुरुवारी तपासनीस आला, डेल हॉगन. मी स्वयंपाकघरात होते. फाइल घेऊन ताठ बसलेल्या व्हर्नाच त्याला व्यवस्थापक वाटल्या. मी पोचले तेव्हा तो विचारत होता, "दारांच्या घंटा सगळ्या चालू आहेत ना?"

"उत्तरेची बंद आहे," व्हर्ना म्हणाल्या. "फार कटकट करते मेली. मीच बंद केली. मंडळाला चालू म्हणून सांगितलं."

त्या कुठल्या वर्षाचं बोलत होत्या ते मला कळलं, त्याला नाही. तो सरळ उत्तरेच्या दाराकडे गेला आणि त्याने दार ढकललं. गार वारा आत आला, आवाज नाही.

"त्या इथे राहतात. व्यवस्थापक मी आहे," मी म्हणाले.

"मग घंटा कोणी बंद केली? त्यांनी?"

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. माझा परवाना वाचला असता. व्हर्ना माझ्या कानाशी आल्या.

"चालू होती म्हणून सांग, पोरी. मंडळ विश्वास ठेवतं." मग दाराकडे बघत त्या आणखी हळू म्हणाल्या, "आर्विड ठेवत नाही."

मी खिशातली किल्ली काढून हॉगनच्या हातावर ठेवली. "मी बंद केली. सोमवारी."

त्याने दार लावून घंटेची किल्ली फिरवली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि घंटा वाजायला लागली. हॉगनने काचेतून बाहेरच्या कोऱ्या बर्फाकडे पाहिलं.

मंडळाने परवाना काढून घेतला नाही, पण वर्षभर माझ्यावर नजर ठेवणार आहे. एकोणनव्वदचंही मी लिहून कळवलं, त्या मुलीचं नाव घालून. मला वाटलं, आता तरी शांत होईल.

घंटा रोज चारला वाजते. फक्त व्हर्ना आता उठत नाहीत. पहिल्या दिवशी मी घाबरून त्यांना बोलवायला गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"परवाना तुझ्या नावावर आहे ना, पोरी," त्या म्हणाल्या. "मग दाराशी तू जा."